डावीकडे ओढणारी ट्रॉली

वेन : कोच, प्लीज. तुम्ही आधी ह्या दुकानाच्या ट्रॉलीतून खाली उतरा. मग आपण शांतपणे बोलू.

मर्व्ह : उतरल्यावर बोलायला उरतंय काय?

डोरीन : तो उतरला की तू ट्रॉली नेणार. सरळ सांग ना.

वेन : मी नाही नेणार, मिसेस टी. नेणार ट्रक. मी फक्त ती बेवारस आहे, एवढं ठरवणार.

डोरीन : बेवारस? आत माणूस बसलाय, वेन. खाली उशी आहे, पायावर पांघरूण आहे, मांडीवर सँडविचचा डबा आहे. याला तुमच्या कौन्सिलात बेवारस म्हणतात?

वेन : सध्या नाही म्हणत. म्हणूनच तर उतरा म्हणतोय.

मर्व्ह : पोरगं प्रामाणिक आहे, डोरीन. पहिल्यापासूनच. रग्बीत बॉल हातातून सुटला की स्वतःच ओरडून सांगायचा, सुटला म्हणून.

वेन : मी दहा वर्षांचा होतो, कोच.

मर्व्ह : बाकीची पोरंही दहाच वर्षांची होती.

डोरीन : मर्व्ह, त्याच्याशी गप्पा नको मारूस. बस यायची वेळ झाली. वेन, बाजूला हो, मला याला कोपऱ्यापर्यंत चढवायचंय. आज डायलिसिसचा दिवस आहे.

वेन : चढवा ना, मी कुठे अडवतोय? फक्त आता ही ट्रॉली हलवायची नाही.

डोरीन : म्हणजे हवेतून चढवू?

वेन : काल मी हिच्यावर स्टिकर लावलाय. हा बघा, नारिंगी. स्टिकर लागला की ती कौन्सिलच्या ताब्यात जाते. ताब्यातली वस्तू हलवली की छेडछाड होते.

डोरीन : तो स्टिकर मी वाचला. मला वाटलं, आता गल्लीच्या तळाचा ढीग उचलणार म्हणून खूण केलीय. इतकी वर्षं तक्रारी करतेय, अखेर देवाने डोळे उघडले म्हटलं. मी याला मुद्दाम उठवून सांगितलं.

मर्व्ह : केक आणला होता हिने.

डोरीन : अर्धा आहे अजून. पण तुला नाही मिळणार.

वेन : मिसेस टी, ढिगाला मला हात लावता येत नाही. तुम्हाला माहितीय ते. तिथली गोल जागा, गाड्या वळवायची, ती आमची नाहीच. ज्या बिल्डरने ही गल्ली वसवली त्याच्या नावावर आहे. तो बुडाला आणि जागा कौन्सिलला द्यायची राहिली.

डोरीन : राहिली नाही. तुम्ही घेतली नाहीत.

वेन : घेण्याआधी त्याने ती स्वच्छ करून द्यायला हवी होती. तसा करार आहे.

डोरीन : आणि स्वच्छ का नाही?

वेन : ट्रॉल्या पडल्यात म्हणून.

मर्व्ह : बरोबर आहे. तर्कात कुठे फट नाही.

डोरीन : ऐक, वेन. पूर्वी ही बस दारात यायची. ह्या फाटकासमोर. ड्रायव्हर याला हाताला धरून नेऊन बसवायचा. मग मागच्या फ्लॅटमधले लोक सामान घेऊन येताना दुकानातल्या ट्रॉल्या आणायला लागले आणि तळाशी टाकायला लागले. बसला वळायला जागा उरेना, तेव्हापासून ती वर कोपऱ्यावर थांबते. याच्या पायाला बोटं नाहीत. तो चढ कसा चढणार? म्हणून मी त्याच ढिगातली एक आणली. ज्यांच्यामुळे बस गेली त्यांच्यातलीच एक कामाला लावली. यात माझं चुकलं काय, सांग.

वेन : तुमचं काहीच चुकलं नाही. फक्त ट्रॉली ह्या गवतावर उभी होती. हे गवत कौन्सिलचं आहे.

डोरीन : हे गवत मर्व्ह कापतो! आता मी कापते.

वेन : कापायचं तुम्ही. आहे कौन्सिलचं.

मर्व्ह : लेका, फाटकाच्या आत असती तर?

वेन : आत असती तर आमचा संबंधच नाही.

डोरीन : संबंधच नाही?

वेन : अजिबात नाही. आत असली की ती बेवारस नसते, चोरीची असते. पोलिसांचा विषय.

डोरीन : आणि पोलीस कधी येतात?

वेन : ट्रॉलीसाठी? येत नाहीत.

डोरीन : मग इतका वेळ तोंड शिवून उभा काय राहिलास! मर्व्ह, जरा उतर. वेन, एक बाजू तू धर, एक मी. टाकू कुंपणावरून आत.

वेन : मला उचलता येणार नाही.

डोरीन : एवढा रेड्यासारखा झालायस.

वेन : उचलायला बंदी आहे. मागच्या वर्षी आमच्या एकाची पाठ गेली. आता दोन माणसं आणि कमरेला पट्टा असल्याशिवाय काही उचलायचं नाही. म्हणून तर ट्रक येतो, त्याला हुक आहे.

डोरीन : दुसरी मी आहे.

वेन : तुमचं प्रशिक्षण झालेलं नाही.

डोरीन : मी तीन पोरं आणि ह्याला उचललंय!

मर्व्ह : आणि समज, आज टाकली आत. फाटक अरुंद, पायऱ्या मधे. परवा पुन्हा कुंपणावरून बाहेर कोण काढणार? तू, त्या कमरेने? सोड, डोरीन.

डोरीन : तू गप्प बस, आत बसलायस तर.

वेन : मिसेस टी, व्हीलचेअरचं काय झालं? मागे आई म्हणाली होती, हॉस्पिटलातून मिळणार आहे.

डोरीन : मिळणार आहे. एक मुलगी येऊन घर बघून गेली. फार गोड होती. म्हणाली, दारात पायऱ्या आहेत, आधी उतार बांधून घ्या, मग खुर्ची. उतार बांधायला माणूस आणला. तो म्हणाला, उताराचं टोक फाटकाबाहेर गवतावर येतंय, आधी परवानगी घ्या.

वेन : कोणाची?

मर्व्ह : विचार, विचार. हिला हे सांगायला आवडतं.

डोरीन : गवताच्या मालकाची!

वेन : ते… ते आमच्याकडे नाही. ते बांधकाम खातं. वेगळ्या मजल्यावर बसतात.

डोरीन : मी गेले होते त्या मजल्यावर. तिथे लिफ्टमधे कागद चिकटवलाय, ‘ट्रॉलीमुक्त बिलरूना’. वर महापौरांचा फोटो. हात असे छातीवर. जशी काही देवीची साथ नाहीशी केलीय गावातून.

वेन : निवडणूक आहे ना.

डोरीन : अख्ख्या बिलरूनात पडलेल्या ट्रॉल्या काय कमी आहेत? ओढ्यात आहेत, रेल्वेच्या पुलाखाली आहेत, शाळेच्या मागे आहेत. तुला हीच एक सापडली?

वेन : ओढा पाणीवाल्यांचा आहे. पूल रेल्वेचा. शाळेची मागची बाजू शिक्षण खात्याची. गावात आमची म्हणावी अशी जागा फार थोडी आहे हो. आणि त्या थोड्या जागेत ट्रॉली उभी दिसली की… खरं सांगू? ऑफिसात आनंद होतो.

मर्व्ह : असं तोंड पाडून आनंदाचं कोणी सांगतं का रे?

वेन : आणि तुमचीच तक्रार आहे, मिसेस टी.

डोरीन : माझी तक्रार ढिगाची आहे!

वेन : तुम्ही केली ढिगाची. पण फोनवरून तक्रार टाकली की तो तक्रार करणाऱ्याचा पत्ता धरतो. तुमच्या सगळ्या तक्रारी ह्या फाटकावर लागल्यात. नकाशावर तुमचं घर दिसतच नाही, लाल टिकल्यांखाली गेलंय. ऑफिसातली शेरिल म्हणते, अख्ख्या गावात सगळ्यात त्रस्त जागा हीच. इथून सुरुवात करू म्हणाली.

डोरीन : म्हणजे मी ओरडले म्हणून तुम्ही आलात. आणि माझीच नेताय.

वेन : ही एक उचलली की तुमच्या सगळ्या तक्रारी निकाली निघतात.

डोरीन : आणि ढीग?

वेन : तो राहतो.

डोरीन : मग मी तक्रार मागे घेते. सगळ्या. आत्ता. काढ तुझा फोन.

वेन : निकाली निघेपर्यंत मागे घेता येत नाहीत.

मर्व्ह : डोरीन, थर्मास दे गं जरा. नको, चहा नको. आज मोजून प्यायचंय. नुसता हातात धरतो. गरम लागतो.

डोरीन : थंडी वाजतेय? पांघरूण वर घे. बघ, वेन, बघ. परवा हा डायलिसिसहून आला तेव्हा ओठ पांढरे होते. बसमधून उतरून ट्रॉलीत बसेपर्यंत माझ्या खांद्यावर मान टाकली होती. आज ही नेलीस, तर दुपारी त्या कोपऱ्यावर मी याला उतरवून ठेवू कुठे? कठड्यावर? आणि परवा वर नेऊ कशी? एक फेरी चुकली तर काय होतं, माहितीय तुला?

वेन : माहितीय. माझा बाप…

डोरीन : हो. माहितीय तुला.

मर्व्ह : तुझा बाप चांगला बॉल टाकायचा. त्याचा तो गुण तुझ्यात नाही उतरला.

वेन : थांबा, फोन. हां शेरिल. हो, पोचलो. समोरच आहे… नाही, अजून बेवारस नाही. सोबत माणूस आहे… सोबत म्हणजे आत… आत म्हणजे आतच, शेरिल, ट्रॉलीच्या आत… नाही, स्वतःहून बसलाय… म्हातारा आहे… नाही, आंदोलन नाही, डबा घेऊन बसलाय… विचारतो. कोच, ती विचारतेय, तुम्ही अजून किती वेळ आहात?

मर्व्ह : डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही.

वेन : नक्की नाही म्हणतात, शेरिल… हो. ट्रकला सांग, येऊ दे. मी बघतो.

डोरीन : येऊ दे म्हणालास?

वेन : तो निघालाच होता. संध्याकाळपर्यंत ती कोंडवाड्यात उभी असल्याचा फोटो हवाय त्यांना. महापौरांच्या पानावर टाकायचाय. आणि कोंडवाड्यात जागा नाही, ती गोष्ट वेगळी.

मर्व्ह : मग ठेवता कुठे रे?

वेन : बाहेर. कोंडवाड्याच्या भिंतीला लागून, गवतावर.

डोरीन : कोणाच्या गवतावर?

वेन : आमच्याच. पण तिकडे माझ्यासारखा कौन्सिलचा दुसरा रेंजर आहे.

डोरीन : आणि ज्यांची ही आहे ती दुकानवाली मंडळी? त्यांना नको का त्यांची ट्रॉली?

वेन : ही जुन्या दुकानाची आहे. ते बंद पडलं. पत्र पाठवलं की तिथे आता जे दातांचे डॉक्टर बसतात ते परत पाठवतात. मालकाने नाही म्हटल्याशिवाय मोडीत काढता येत नाही. आणि नाही म्हणायला मालक नाही.

डोरीन : मग कोणाचीच नाही, तर याची असू दे!

वेन : तसं कलम असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं हो.

डोरीन : बरं. मग असं कर. खाली एवढा ढीग आहे. त्यातली एक ने. फोटोत ट्रॉली दिसली म्हणजे झालं ना? महापौर काय तोंड ओळखतात तिचं?

वेन : ढिगातली मला घेता येत नाही.

डोरीन : तू घेऊ नकोस. मी आणते आणि ह्या गवतावर टाकते. मग ती तुमची.

वेन : हे तुम्ही मला सांगितलं नाही. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. तिकडे मॅगपाय पक्षी बसलाय, त्याच्याकडे बघतो.

मर्व्ह : डोरीन, नको. त्यांची चाकं बांधलेली आहेत.

डोरीन : मी ओढते.

मर्व्ह : नवीन दुकानाच्या आहेत सगळ्या. दुकानाची हद्द ओलांडली की चाक आपोआप जाम होतं. लोक घराकडे खरडत आणतात, वैतागतात आणि टाकतात. तू चढाला एक पाऊल ओढणार नाहीस. आपण ही का घेतली? हिचीच चाकं फिरतात म्हणून. आणि मला बसता यावं म्हणून पुढची जाळी शेजारच्या इव्हानने कापून दिली. इव्हान गेला. आता दुसरी कोण कापणार?

डोरीन : वेन, मॅगपाय राहू दे. चल, ओढ माझ्याबरोबर.

वेन : मला ओढता येणार नाही, मिसेस टी. वर्दीत आहे.

डोरीन : आणि मला ओढवणार नाही. मग आपण तिघं इथे काय करतोय?

मर्व्ह : तुम्ही दोघं उभे आहात. मी बसलोय.

वेन : मिसेस टी, एरवी तुम्ही काय करता? म्हणजे वर गेल्यावर, तुम्ही बसमधे बसल्यावर, ट्रॉली कुठे असते?

डोरीन : खांबाला बांधते. ड्रेसिंग गाउनच्या पट्ट्याने.

वेन : आणि दुपारपर्यंत तिथेच?

डोरीन : मला त्याच्याबरोबर जावं लागतं. सुई काढल्यावर चक्कर येते त्याला. आता विचारू नकोस, मला कळलंय. गेलो तर ट्रॉली जाते. थांबलो तर बस जाते.

वेन : हो. मीही रात्री तोच विचार करत होतो.

डोरीन : रात्री? म्हणजे तुला कालच माहीत होतं, ट्रॉली कोणाची आहे?

वेन : उशी होती ना तिच्यात. आपल्या बिलरूना ज्युनिअर्स टीमची. मीही बसलोय त्या उशीवर, घोटा मुरगळला होता तेव्हा.

डोरीन : आणि तरी स्टिकर लावलास.

वेन : लावला. मी लावला नसता तर दुसऱ्याने लावला असता, असं म्हणायचं होतं. पण दुसरा रजेवर आहे.

मर्व्ह : ऐका. हॉर्न.

डोरीन : आली. आता काय करू? मर्व्ह, काय करू मी?

मर्व्ह : मला विचारू नकोस. मी सामान आहे.

वेन : मिसेस टी, डबा आणि थर्मास तुम्ही घ्या. कोच, हात आत घ्या. बाजूला व्हा जरा.

डोरीन : काय करतोयस?

वेन : ताब्यातली वस्तू तुम्ही हलवायची नाही. रेंजरने हलवायला हरकत नसावी.

डोरीन : आणि तुझी ती बंदी?

वेन : उचलायला आहे. ढकलण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलंय.

मर्व्ह : सांभाळ रे, ही डावीकडे ओढते. आधीपासूनची खोड आहे. उजवा हात दाबून धर. दाबून! तिकडे गटार आहे.

वेन : धरलंय, कोच.

मर्व्ह : खांदा खाली. गुडघा वाक. हां. आता पाय मार. बघ डोरीन, हे शिकवलं तेव्हा जमत नव्हतं याला.

डोरीन : हळू रे, हळू. खड्डा आहे. मर्व्ह, तुझं डोकं धर.

वेन : जड आहात, कोच.

मर्व्ह : पाणी आहे सगळं. दुपारी हलका होऊन येतो.

(कोपऱ्यावर. बसचं दार उघडं.)

डोरीन : थांबा हो, थांबा, आलो! मर्व्ह, एक पाय खाली. आता दुसरा. वेन, तू मागून धर. याला नाही उचलायचं, नुसता आधार दे. आधाराला बंदी आहे का?

वेन : नाही बघितलं.

डोरीन : मग बघू नकोस. चढ, मर्व्ह. दांडी धर. अजून एक. बस.

मर्व्ह : झालं. बसलो. वेन!

वेन : काय, कोच?

मर्व्ह : आता सोड ती. तुझी नोकरी आहे. मी काही मनात धरणार नाही.

डोरीन : मी धरीन.

मर्व्ह : तीही नाही धरणार. लेका, तू लहानपणीही कधी धरून नाही ठेवलंस काही. कोणी तुला रागावलं का? सोड, आणि घरातला तो अर्धा केक ने, डबा मात्र परत दे. फाटकाला कुलूप नाही.

डोरीन : वेन, दुपारी आम्ही येतो तेव्हा…

वेन : मी आत्ताच काही सांगू शकत नाही, मिसेस टी.

डोरीन : नको सांगूस. हा गाउनचा पट्टा. कुठे ट्रकवर चढवलीच, तर निदान जाळी नीट बांध. कापलेली आहे, टोकं बाहेर आहेत. कोणाच्या हाताला लागेल.

वेन : दार बंद होतंय, हात आत घ्या.

डोरीन : येते रे.

वेन : हो शेरिल. नाही, घरासमोर नाही, कोपऱ्यावर… माणूस गेला. बसने… हो, आत आता कोणी नाही. उशी आहे… ट्रक आलाय, समोरच उभा आहे, हुक खाली सोडलाय त्याने… तोही तेच विचारतोय, उचलू का म्हणून… नाही, बेवारस नाही म्हणता येत, सोबत माणूस आहे… मीच… कधीपर्यंत ते माहीत नाही… नाही, तसं नाही, मला कळतंय, फोटो हवाय… हट्ट नाही गं. ऐक तरी. इथे उतार आहे. हात काढला की ही डावीकडे जाते.